मॅन्युअल कशात लिहायचे?

लिनक्सवरच्या कोणत्याही जुन्या आज्ञेच्या मदतपानाची मूळ फाइल साध्या एडिटरमध्ये उघडून पाहा. काही ओळी बिंदूने सुरू होतात. बिंदूपुढे दोन इंग्रजी अक्षरे आणि मग मजकूर. अक्षरांच्या एका जोडीने पानाचे नाव लागते, दुसरीने मथळा येतो, तिसरीने परिच्छेद तुटतो. ओळीच्या आरंभी बिंदू असेल तर ती ओळ छापायची नाही, ती मांडणीची सूचना समजायची, हा संकेत १९६४ सालचा आहे आणि तो अजून रोज वापरात आहे.

जेरोम सॉल्ट्झर तेव्हा एमआयटीत डॉक्टरेट करत होते. प्रबंधाचा प्रस्ताव प्रत्येक दुरुस्तीनंतर पुन्हा टाइप करत बसण्यापेक्षा संगणकाकडूनच तो मांडून घ्यावा, म्हणून त्यांनी सीटीएसएस या प्रणालीवर दोन प्रोग्रॅम लिहिले. टिपसेटमध्ये मजकूर भरायचा आणि दुरुस्त करायचा. रनऑफ तोच मजकूर समास धरून, ओळी भरून, पाने पाडून कागदावर उतरवायचा. आपल्याकडच्या छापखान्यात जुळारी हस्तलिखिताच्या कडेला लिहिलेल्या सूचना वाचत खिळे जुळवायचा, तसेच हे काम. मजकूर आणि सूचना एकाच कागदावर, पण एकमेकांपासून वेगळ्या ओळखू येणाऱ्या.

सॉफ्टवेअरचे मॅन्युअल किंवा ऑनलाइन हेल्प कोणत्या टूलमध्ये लिहायची, असा प्रश्न आज एखाद्या कंपनीत निघाला की तुलनेचा तक्ता तयार होतो. लायसन्सची किंमत, आउटपुटचे प्रकार, शिकायला लागणारा वेळ, दिसायला कसे आहे. मी स्वतः याच कामात आहे आणि असे तक्ते मी पाहत आलो आहे. त्यांत एक रकाना बहुतेक वेळा नसतो: हे टूल उद्या बंद पडले तर आमचा मजकूर आमच्या हातात कोणत्या रूपात उरेल? टूलांची साठ वर्षांची वंशावळ वाचली की हाच रकाना सर्वांत आधी भरावा असे मला ठामपणे वाटते.

रनऑफची वाट पुढे बेल लॅब्जमध्ये गेली. तिथे केन थॉम्प्सन, डेनिस रिची आणि सहकाऱ्यांना १९७० मध्ये नवा पीडीपी-११ संगणक हवा होता. ऑपरेटिंग सिस्टिम लिहायची आहे असे सांगून पैसे मिळण्याची शक्यता नव्हती, कारण मल्टिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रकल्पातून बेल लॅब्ज नुकतीच हात पोळून बाहेर पडली होती. तेव्हा मजकूर संपादनाची आणि मांडणीची प्रणाली तयार करू, असे सांगून यंत्र मागण्यात आले. कंपनीच्या पेटंट विभागाला अशी प्रणाली हवीच होती. पेटंटच्या अर्जात ओळींना क्रमांक लागतात आणि ते काम रॉफ हा रनऑफचा वंशज करून देऊ शकत होता. १९७१ च्या उत्तरार्धात पेटंट विभागातले तीन टायपिस्ट त्या यंत्रावर दिवसभर अर्ज टाइप करत आणि त्याच यंत्रावर या मंडळींच्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची घडणही चालू असे. युनिक्सला पहिले खरे गिऱ्हाईक मिळाले ते मजकूर मांडण्याच्या गरजेतून.

त्याच वर्षी, ३ नोव्हेंबर १९७१ रोजी, युनिक्सच्या मॅन्युअलची पहिली आवृत्ती निघाली. तिच्या पानांचा साचा ठरलेला होता: नाव, वापराचे रूप, वर्णन, संबंधित फाइली, हेही पाहा, आणि दोष. प्रोग्रॅममध्ये काय बिघडते हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानेच मॅन्युअलमध्ये नमूद करायचे, ही पद्धत तेव्हापासूनची. पहिल्या आवृत्तीत तर त्या आज्ञेचा धनी कोण, हेही पानावर असे. बेल लॅब्जमधल्याच डग मॅकिलरॉय यांनी पुढच्या आवृत्त्यांत या पानांची शिस्त कसोशीने राखली. मला या साच्याचे मोल फार वाटते. लिहिणारा आणि प्रोग्रॅम करणारा एकच माणूस होता, दोन्ही फाइली एकाच यंत्रावर होत्या, म्हणून मॅन्युअल आणि प्रोग्रॅम यांच्यात फारसे अंतर पडत नसे. पुढे हे अंतर वाढत गेले आणि ते भरून काढायला नवी नवी टूल आली.

तिथल्याच जो ओसाना यांनी १९७३ मध्ये फोटोटाइपसेटर चालवण्यासाठी ट्रॉफ हा रॉफचा वारसदार लिहिला. १९७७ मध्ये ते वारले. त्यांचा कोड एका विशिष्ट यंत्राला जखडलेला होता आणि समजायला अवघड होता. ब्रायन केर्निगन यांनी १९७९ च्या सुमारास तो हाती घेतला आणि कोणत्याही छपाईयंत्रासाठी चालेल असा केला. १९९० मध्ये जेम्स क्लार्क यांनी ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पासाठी तो ग्रॉफ या नावाने नव्याने लिहिला आणि लिनक्सवर आज बहुधा तोच असतो. निर्माता गेला, यंत्र बदलले, प्रोग्रॅम दोनदा नव्याने उभा राहिला. मजकुराच्या फाइली मात्र साध्या अक्षरांत असल्यामुळे तगून राहिल्या.

बिंदूच्या आज्ञांना एक मर्यादा होती. त्या मुख्यतः दिसण्याबद्दल बोलत: इथे ओळ सोडा, हे मधोमध घ्या, हे आत सरकवा. आयबीएममध्ये १९६९ मध्ये चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लॉरी यांनी वेगळा विचार मांडला. गोल्डफार्ब पेशाने वकील. वकिलांच्या कार्यालयातील दस्तऐवज एकाच ठिकाणी लिहावेत, त्यातूनच शोधावेत आणि त्यातूनच छापावेत, अशा प्रकल्पावर ही मंडळी काम करत होती. तीन वेगळ्या प्रणालींना एकच मजकूर द्यायचा तर खुणांनी तो कसा दिसावा हे सांगून भागत नाही. तो काय आहे हे सांगावे लागते. हा मथळा, ही यादी, ही टीप. दिसण्याचे नियम बाजूला, वेगळे. तिघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून जीएमएल हे नाव पडले. त्यातून एसजीएमएल आले आणि १९८६ मध्ये ते आयएसओ ८८७९ या क्रमांकाचे आंतरराष्ट्रीय प्रमाण झाले. सर्न या संशोधनसंस्थेत एसजीएमएलचा एक अवतार वापरात होता. टिम बर्नर्स-ली यांनी एचटीएमएलच्या पहिल्या खुणा तिथूनच उचलल्या. तांत्रिक दस्तऐवजांच्या गरजेतून निघालेली ही वाट अशी साऱ्या जगाच्या वेबपर्यंत पोहोचली.

ऐंशीच्या दशकात रिचर्ड स्टॉलमन यांनी टेक्सइन्फो तयार केले. छापील पुस्तक आणि पडद्यावर वाचायची इन्फो पाने, दोन्ही एकाच सोर्समधून. आजकाल टूल विकणारे ज्याला सिंगल सोर्सिंग म्हणतात ते ग्नूच्या मॅन्युअलांत तेव्हापासून चालू आहे. दुसरीकडे फ्रेममेकर आले. फ्रेम टेक्नॉलॉजी ही कंपनी १९८६ मध्ये निघाली आणि १९९५ मध्ये अॅडोबीने ती घेतली. शेकडो पानांची मॅन्युअले, प्रकरणांमधले परस्परसंदर्भ, एकाच मजकुरातून दोन मॉडेलांसाठी वेगळा भाग दाखवणे-लपवणे, हे सगळे पडद्यावर डोळ्यांसमोर करता येऊ लागले. अवजड यंत्रांच्या आणि विमानांच्या कंपन्यांनी ते आपलेसे केले. सॉफ्टवेअरच्या जगात टेक्निकल रायटर हा स्वतंत्र पेशा म्हणून स्थिरावला तो याच काळात.

मे १९९० मध्ये विंडोज ३.० आले आणि त्याबरोबर विनहेल्प. एफ-१ दाबले की वेगळ्या खिडकीत मदत उघडे. वाचणाऱ्याला ते सोपे वाटे, पण लिहिणाऱ्याच्या टेबलावर काय चालत असे ते सविस्तर सांगायला हवे. सोर्स आरटीएफ स्वरूपात लागे, म्हणजे व्यवहारात वर्डमध्ये. विषयागणिक एक पान आणि दोन विषयांच्या मध्ये हाताने घातलेला पेज ब्रेक. पानाच्या आरंभी तळटिपा टाकायच्या आणि प्रत्येक तळटिपेचे चिन्ह वेगळे. # म्हणजे विषयाची अंतर्गत ओळख, $ म्हणजे मथळा, इंग्रजी के म्हणजे सूचीत जाणारे शब्द, + म्हणजे पुढे-मागे चाळण्याचा क्रम. दुवा हवा असेल तर शब्दाखाली दुहेरी रेघ मारायची आणि त्याला लागूनच, मध्ये जागा न सोडता, ज्या विषयावर जायचे त्याची ओळख लपलेल्या मजकुराच्या स्वरूपात लिहायची. एकेरी रेघ मारली तर छोटी चौकट उघडे. मग प्रकल्प फाइल, मग कंपायलर, मग चुकांची यादी. लपलेल्या मजकुरात एक अक्षर चुकले की दुवा तुटला.

हा त्रास कमी करण्यासाठीच रोबोहेल्प निघाले. कॅलिफोर्नियातल्या ब्लू स्काय सॉफ्टवेअर या कंपनीने नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ते बाजारात आणले. तळटिपा, रेघा, लपलेला मजकूर हे सगळे ते वर्डच्या आत बसून स्वतः घालत असे. डॉक-टू-हेल्प, फोरहेल्प अशी दुसरीही टूल होती, पण अनेक वर्षे नोकरीच्या जाहिरातीत टेक्निकल रायटरकडून रोबोहेल्प येणे अपेक्षित असे. माणसाची ओळख टूलच्या नावाने होऊ लागली, आणि हे आमच्या पेशाला बाधले असे माझे मत आहे. मजकूर कसा रचावा यापेक्षा कोणता मेनू कुठे आहे, यालाच मुलाखतीत महत्त्व आले.

१९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टने विनहेल्पची जागा घ्यायला एचटीएमएल हेल्प आणले. सोर्स आता एचटीएमएल होता, ही मोठी सुधारणा. पण तो कंपाइल होऊन सीएचएम या बंद डबीत जायचा आणि ती डबी इंटरनेट एक्सप्लोररच्या यंत्रणेवर उघडायची. सीएचएममधून घातक कोड चालवता येतो हे उघड झाल्यावर २००५ मध्ये सुरक्षेची दुरुस्ती आली. तेव्हापासून इंटरनेटवरून उतरवलेली सीएचएम उघडली की डावीकडे अनुक्रमणिका दिसते आणि उजवीकडे पानच येत नाही. फाइलीच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ती अनब्लॉक करावी लागते. नेटवर्कवरच्या सामायिक फोल्डरमधल्या फाइलीचे तर तेवढ्यानेही भागत नाही. इंटरनेटवरून आणि नेटवर्कवरून येणाऱ्या मदत फाइली अशा एका अपडेटने मुक्या झाल्या. २००७ मध्ये विस्टा बाजारात आले तेव्हा विनहेल्प त्यात नव्हते. ते वेगळे उतरवून घेता येत असे. विंडोज १० मध्ये तीही सोय उरली नाही.

टूलचे मालकही बदलत होते. ब्लू स्कायचे नाव ईहेल्प झाले, २००३ मध्ये मॅक्रोमीडियाने ती कंपनी घेतली, २००५ मध्ये मॅक्रोमीडियाच अॅडोबीकडे गेली. रोबोहेल्पचे काय होणार या धास्तीत त्या काळात अनेक रायटर होते. ईहेल्पमधल्या काही जुन्या माणसांनी २००५ मध्ये मॅडकॅप ही कंपनी काढली आणि पुढच्या वर्षी फ्लेअर आणले. त्यांनी विषयांच्या फाइली एक्सएमएलमध्ये ठेवल्या, म्हणजे फ्लेअर नसले तरी मजकूर उघडून वाचता येतो. विकत घ्यायच्या टूलांत मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. अॅडोबीनेही रोबोहेल्प पुढे चालू ठेवले आणि नव्याने बांधले, हेही सांगितले पाहिजे.

एसजीएमएलची वाट मधल्या काळात थांबलेली नव्हती. ओरायली या प्रकाशनसंस्थेने आणि हॅल कॉम्प्युटर सिस्टिम्सने १९९१ मध्ये डॉकबुक सुरू केले. १९९८ मध्ये एक्सएमएल प्रमाण झाले. आणि आयबीएममध्येच, जीएमएलच्या जन्मघरी, डिटाची आखणी झाली. हजारो उत्पादने, डझनावारी भाषा, एकच परिच्छेद शंभर मॅन्युअलांत. असा मजकूर प्रकरणांत बांधण्याऐवजी छोट्या विषयांत तोडायचा, प्रत्येक विषय एकतर संकल्पना, एकतर कृती, नाहीतर संदर्भ, आणि मग नकाशाच्या फाइलीने ते जोडायचे. मूळ प्रकारातून गुण वारशाने घेऊन नवा प्रकार काढता येतो, म्हणून डिटा या नावातला 'डी' डार्विनचा आहे. आयबीएमने ती ओएसिस या प्रमाणसंस्थेच्या हवाली केली आणि २००५ मध्ये डिटा १.० मान्य झाले. मोठ्या कारखान्यांना आणि वैद्यकीय उपकरणांच्या कंपन्यांना डिटासारखे दुसरे काही मला दिसत नाही. चार-पाच माणसांच्या चमूने मात्र तिच्या वाटेला जाऊ नये. नियम सांभाळण्यातच त्यांचा जीव जातो.

त्यानंतर गाडी पुन्हा साध्या मजकुराकडे वळली. पायथन भाषेची मॅन्युअले लाटेकमध्ये होती. गेओर्ग ब्रांडल यांनी त्यासाठी स्फिंक्स लिहिले, ते मार्च २००८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पायथन २.६ ची कागदपत्रे त्यावर निघाली. स्फिंक्सचा सोर्स रीस्ट्रक्चर्डटेक्स्टमध्ये, म्हणजे कोणत्याही एडिटरमध्ये वाचता येईल असा. एका पानातून दुसऱ्या पानाकडे दुवा दिला आणि ते पान नाहीसे झाले, तर बांधणीच्या वेळी स्फिंक्स फाइल आणि ओळ सांगून इशारा देतो. विनहेल्पच्या कंपायलरचीच ही शिस्त, पण लपलेल्या मजकुराशिवाय. २००४ मध्ये जॉन ग्रुबर यांनी मार्कडाउन आणले होते. पुढे गिटहबमुळे ते प्रोग्रॅमरांच्या बोटांवर बसले. मॅन्युअल पुन्हा कोडच्या शेजारी, त्याच भांडारात राहू लागले. कोड बदलला की त्याच बदलात पानही बदला, असे म्हणता येऊ लागले.

लिनक्स कर्नलने २०१६ पासून आपली कागदपत्रे डॉकबुकमधून स्फिंक्समध्ये नेली. फ्रीबीएसडीने २०२१ मध्ये डॉकबुक सोडून अॅस्किडॉक धरले. विनहेल्पची एचएलपी आणि सीएचएम या दोन्ही डब्या ज्यांनी घडवल्या त्या मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये आपली कागदपत्रे मार्कडाउनमध्ये, गिटहबवर, कोणालाही दुरुस्ती सुचवता येईल अशी मांडायला घेतली. या तिन्ही स्थलांतरांत एक गोष्ट सारखी आहे: जुना सोर्स यंत्राला वाचता येत होता म्हणूनच तो हलवता आला.

मार्कडाउन सगळ्यांना पुरते असे मात्र मी म्हणणार नाही. त्याच्या बोली अनेक आहेत. २०१४ मध्ये कॉमनमार्कने नियम बांधून दिले तरी तक्ते, टिपा, इशारे यांसाठी प्रत्येक टूलचे आपापले वाढीव व्याकरण आहेच. घर जोडलेले तक्ते त्यात धड होत नाहीत. मजकूर काय आहे हे सांगण्याची जीएमएलची ताकद त्यात जवळजवळ नाही. आणि पाने तपासणारा वकील, विक्री विभागातला माणूस किंवा डॉक्टर गिट वापरेल अशी अपेक्षा धरता येत नाही. त्यांच्यासाठी वर्डमध्ये शेरे मारण्याची सोय लागते आणि ती द्यावी.

मराठीचा प्रश्न या वंशावळीत उशिरा येतो, पण येतो. सीएचएमची अनुक्रमणिका आणि सूची युनिकोडमध्ये चालत नव्हती; ती विंडोजच्या जुन्या भाषावार कोडपेजांवर अवलंबून होती. सिस्टिमसाठी निवडता येईल असे देवनागरीचे कोडपेज विंडोजमध्ये कधी नव्हतेच. म्हणजे पानाच्या आत मराठी दिसू शके, पण डावीकडच्या अनुक्रमणिकेत ती नीट येत नसे. ऑनलाइन हेल्पच्या सर्वांत प्रचलित स्वरूपात मराठीला दारातच अडवले गेले होते. मजकूर टूलला बांधला गेला की काय होते हे मराठी प्रकाशकांना वेगळे सांगायला नको. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टांत टाइप केलेली पुस्तके आज तो फॉन्ट नसला की निरर्थक अक्षरे दाखवतात आणि ती रूपांतरित करताना जोडाक्षरे तपासत बसावे लागते.

नव्या टूलांत देवनागरी लिहिणे, दाखवणे, झीलाटेकमधून पीडीएफ काढणे हे सगळे होते. अडते ते शोधात. मराठीत नामाचे रूप बदलते: 'खाते' शोधणाऱ्याला 'खात्यातून पैसे काढणे' हे पान हवे असते, पण दोन शब्दांची अक्षरे जुळत नाहीत, म्हणून साधा शोध ते पान दाखवत नाही. शब्दाचे मूळ ओळखण्याचे नियम लागतात. स्फिंक्समध्ये ज्या भाषांच्या शोधाची खास सोय आहे त्यांत मराठी नाही. अशा नियमांच्या स्नोबॉल या खुल्या संग्रहात हिंदी, नेपाळी आणि तमिळ आहेत, मराठी नाही.

टूल घेण्याआधी मी सहकाऱ्यांना एक चाचणी करायला सांगतो. तुमच्या मॅन्युअलमधले सर्वांत अवघड प्रकरण निवडा, ज्यात मोठा तक्ता आहे, चित्रे आहेत, दुसऱ्या प्रकरणांचे संदर्भ आहेत आणि मॉडेलनुसार बदलणारा मजकूर आहे. ते नव्या टूलमध्ये चढवा, मग बाहेर काढा, आणि बाहेर आलेली फाइल साध्या एडिटरमध्ये उघडा. संदर्भ टिकले आहेत का, अटी दिसतात का, कोणता भाग कशाचा आहे हे तुम्हाला टूलशिवाय कळते का, ते पाहा. विक्रेत्याच्या माणसासमोर हे करा. आणि मराठीत मदत लिहिणार असाल तर 'खाते' शोधून 'खात्यातून' सापडते का तेही त्याच दिवशी पाहा. न सापडल्यास इथे हात घालायला जागा आहे: स्फिंक्स आणि स्नोबॉल दोन्ही खुले प्रकल्प आहेत, मराठीचे नियम लिहून पाठवायला कोणाच्या परवानगीची गरज नाही. भाषा जाणणारा एक आणि प्रोग्रॅम लिहिणारा एक, अशा दोघांनी मिळून हे काम हाती घ्यावे.